खेळातला असुर आणि गटाचा हप्ता

पेणच्या रामवाडीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. मागच्या वेळी गटाची वही कशी लिहायची यावर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय आता नवीन? आज आम्ही बोलणार आहोत मोबाइलच्या खेळातल्या राक्षसावर. पोरं त्याला ‘बॉस’ म्हणतात. पण रेडिओ बंद करू नका. या बॉसपायी आमच्या गटातला एक हप्ता अडला, म्हणून तर आम्हाला त्याची ओळख करून घ्यावी लागली.

झालं ते असं. बैठकीचा दिवस होता. सगळ्यांचे हप्ते जमा होत होते. आमच्यातली एक मैत्रीण कोपऱ्यात गप्प बसलेली. नाव सांगत नाही, आणि हे सगळं तिला विचारूनच सांगतोय. तिचा हप्ता बाराशेचा. तिने पुढे केले सातशे. आजवर तिचा एक दिवसही उशीर झाला नव्हता. आम्ही विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? ती म्हणाली, नाही. मग डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “पोराने तलवार घेतली.”

आम्ही घाबरलोच. तलवार? कुणाशी भांडण झालं? तर म्हणाली, “खरी नाही गं. मोबाइलातली.”

आधी दोघी-तिघी हसल्या. मग कुणीच हसेना. तिच्या फोनवर पैसे पाठवायचं अॅप होतं, पिन पोराला माहीत होता. खेळात एक बॉस त्याला हरवत होता, त्याला मारायला तलवार हवी म्हणून ४९९ रुपये गेले. पेणचे पोह्याचे पापड गावोगाव जातात, पण पाचशे रुपये हातात यायला किती पापड लाटावे लागतात ते लाटणारीलाच माहीत. बँकेचा मेसेज पाहिल्यावर तिने खेळ चालू असतानाच पोराच्या हातातून फोन हिसकावला. तो जेवणाच्या ताटावरून उठला. दोन दिवस मायलेकरांचं बोलणं बंद.

गटाने त्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. एक, कमी पडलेली रक्कम पुढच्या बैठकीपर्यंत भरायची मुभा द्यायची आणि तसं वहीत लिहायचं. दुसरी, पोराच्या पाठीमागे त्याला बोल लावायचे नाहीत. त्यालाच बोलवायचं. ज्या राक्षसाने आमचे पाचशे रुपये खाल्ले तो दिसतो तरी कसा, ते बघायचं.

पोरगा अकरावीतला. रविवारी आला, मान खाली घालून. त्याला वाटलं आता चौदा जणी मिळून झापणार. आम्ही म्हटलं, “बस. चहा घे. आणि आम्हाला तुझा खेळ शिकव.” तो आमच्या तोंडाकडे बघतच राहिला.

आता त्याने जे सांगितलं ते आमच्या शब्दांत सांगतो.

मोबाइलचे खेळ अनेक जातीचे. त्यातली एक जात म्हणजे ‘रोल प्लेइंग’, म्हणजे सोंग घेऊन खेळायचा खेळ. आपल्याकडे दशावतारात माणूस रंग लावून विष्णू होतो, तसं इथे खेळणारा एखादा योद्धा होतो, वैद्य होतो, जादूगार होतो. सुरुवातीला तो अगदी कच्चा असतो. अंगात बळ नाही, हातात साधी काठी. मग रानावनात फिरायचं, छोट्या शत्रूंशी लढायचं, लोकांची कामं करायची. त्यातून अनुभव जमतो, ताकद वाढते, एकेक पायरी वर चढायची. आणि प्रत्येक मोठ्या टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा असतो तो बॉस.

इंग्रजीत बॉस म्हणजे साहेब. खेळात मात्र बॉस म्हणजे सगळ्यांत दांडगा शत्रू. छोटे शत्रू दोन-चार फटक्यांत पडतात. बॉस पडत नाही. पडद्यावर त्याच्या नावाखाली एक लांब पट्टी असते, ती त्याच्या जिवाची. आपण मारू तशी ती तसूतसूने कमी होते. आणि आपली पट्टी एवढीशी. त्याचे दोन-तीन फटके बसले की आपण संपलो. मग पुन्हा पहिल्यापासून.

ही कल्पना आजची नाही. १९७४ साली अमेरिकेत सोंग घेऊन खेळायचा एक खेळ छापून निघाला. त्याला काँप्युटर लागत नव्हता. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट रचत जायची. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, तिथल्या विद्यार्थ्यांनी त्यावरून कॉलेजच्या मोठ्या काँप्युटरवर एक खेळ बनवला. त्यात तळघरात खोल एक सोनेरी ड्रॅगन, म्हणजे पंखांचा अजगरासारखा प्राणी, खजिना राखत बसलेला होता. काँप्युटरच्या खेळातला पहिला बॉस म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. म्हणजे बॉस आता पन्नाशीचा झाला. आमच्यातल्या कितीतरी जणींपेक्षा वयाने मोठा.

पण बॉस त्याहूनही जुना आहे, असं आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या. त्या सत्तरी ओलांडलेल्या. पोराचं ऐकता ऐकता म्हणाल्या, “अरे, हा तर आमचा संकासुर.” रत्नागिरीकडे शिमग्याच्या नमन-खेळ्यात काळा अंगरखा घातलेला, लाल जीभ लोंबणारा संकासुर नाचतो. दशावतारात वेद चोरणारा शंखासुर येतो आणि विष्णूशी त्याचं युद्ध होतं. त्याला बघून लहान पोरं घाबरतात, आणि तो आला नाही तर रुसतात. राक्षस नसेल तर खेळ कसला?

मग आम्हीच आठवत गेलो. नवरात्रात देवीची पोथी वाचतात, त्यात महिषासुर आहे. देवीने रेड्याला पाशात धरलं तर तो सिंह झाला. सिंहाचं डोकं उडवलं तर तलवार घेतलेला माणूस झाला. माणसाला मारलं तर हत्ती झाला. सोंड कापली तर पुन्हा रेडा. पोरगा म्हणाला, “काकी, आमच्या खेळात याला फेज म्हणतात. बॉसचा जीव अर्धा झाला की तो रूप बदलतो, नवीन चाली खेळायला लागतो.”

रक्तबीज आठवा. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून दुसरा रक्तबीज उठायचा. जितकं मारावं तितके वाढायचे. नुसत्या जोराने तो मरणारच नव्हता. शेवटी कालीने तोंड पसरलं आणि थेंब जमिनीवर पडूच दिला नाही. हिरण्यकशिपूला वर होता. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, जनावराकडून नाही. मग नरसिंहाने संध्याकाळ निवडली, उंबरा निवडला. प्रत्येक असुराला एक फट ठेवलेली असते आणि ती शोधणारा जिंकतो. खेळ बनवणारेही बॉसमध्ये अशी फट मुद्दाम ठेवतात. आगीचा बॉस असेल तर त्याला पाणी सोसत नाही. दगडी चिलखत असेल तर पाठीवर एक जागा उघडी असते.

हे आम्हाला त्या दिवशी हातात फोन घेतल्यावर कळलं. पोराचा बॉस होता एक दगडी राक्षस, डोंगराएवढा. पहिली पाळी आमच्या अध्यक्ष ताईंची. त्या पाच सेकंदांत मेल्या. दुसरी पाळी आमची. आम्ही दहा सेकंद टिकलो आणि स्वतःवर खूश झालो. एकेक करून सगळ्या हरलो. ज्या मैत्रिणीचे पैसे गेले होते तिने आधी फोनला हात लावायला नकार दिला. मग घेतला, आणि एवढी चिडून बटणं दाबली की पडद्याला भोक पडतं की काय असं वाटलं. तीही मेली. पोरगा पहिल्यांदाच हसला. म्हणाला, “आई, मारत सुटायचं नाही. आधी बघायचं.”

आजी मात्र फोन हातात न घेता नुसत्या बघत होत्या. दहाव्या की अकराव्या पाळीला त्या म्हणाल्या, “हा तीनदा मारतो आणि दम खातो. आधी उजवा हात वर जातो, मग डावा, मग दोन्ही. त्यानंतर खाली वाकतो. भात झोडताना दमलेला गडी वाकतो तसा.”

पोराचं तोंड उघडंच राहिलं. तो पंधरा दिवस त्या बॉसशी झगडत होता आणि हे त्याला दिसलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या माणसावर. आजींचं लक्ष राक्षसावर. पुढच्या पाळीला तो तीन फटके चुकवत बाजूला पळाला, राक्षस वाकला तसा धावून मारलं, पुन्हा मागे आला. जिवाची पट्टी निम्म्यावर आली. मग राक्षसाने रूप बदललं आणि पोरगा हरला. पण निम्म्यापर्यंत तो पहिल्यांदाच पोचला होता, आणि तेही जुन्या तलवारीने.

इथे आम्ही त्याला विचारलं, “मग ती ४९९ची तलवार कुठे आहे?”

तेव्हा खरं बाहेर आलं. तलवार मिळालीच नव्हती. त्या पैशांत तलवार मिळत नाही, पेट्या मिळतात. पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. जाहिरातीत तलवार दिसते. याच्या पेट्यांतून निघाली एक ढाल आणि चार-दोन औषधाच्या बाटल्या. आईला सांगायची लाज वाटली म्हणून तलवार घेतली असंच सांगितलं. ती माऊली काही बोलली नाही. पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदराने आपलं नाक पुसलं.

मैत्रिणींनो, आमच्या आजच्या बोलण्याचं सार इथे आहे. बॉस हा हरण्यासाठीच बनवलेला असतो. बनवणाऱ्याने तसं ठरवलेलंच असतं. तो मारायच्या आधी हात उचलतो, म्हणजे तुम्हाला इशारा मिळावा. मारून झाल्यावर थांबतो, म्हणजे तुम्हाला संधी मिळावी. कितीतरी खेळांत त्याच्या दाराबाहेर औषधं मांडून ठेवलेली असतात आणि डाव साठवायची जागा असते, म्हणजे हरलात तरी सगळं पहिल्यापासून करायला लागू नये. धीर धरून बघणाऱ्याला तो शेवटी हरतो. त्याच्या बाजूला दुकान मांडलेलं असतं, ते मात्र तुम्हाला हरवण्यासाठी असतं. बॉससमोर दहा वेळा हरलेल्या, चिडलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर नेमक्या त्याच वेळी पेटी येते. ते दुकान तलवार विकत नाही, पोराची घाई विकत घेतं.

जपानमध्ये १९८६ साली सोंगाचा एक खेळ आला, ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा. पुढे तिथे तो घराघरांत पोचला. त्याचा शेवटचा बॉस म्हणजे ड्रॅगनांचा राजा. योद्धा एवढा प्रवास करून त्याच्या पुढ्यात येतो तेव्हा तो लगेच मारत नाही. गोड बोलतो. म्हणतो, माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुला देतो. हो की नाही ते खेळणाऱ्याने सांगायचं. जो हो म्हणतो त्याचा डाव तिथेच बुडतो. जो नाही म्हणतो त्यालाच लढायला मिळतं. आम्हाला हे ऐकून हसू आलं, कारण असे ड्रॅगन आमच्या दारातही येतात. आधार कार्ड द्या, सही करा, आत्ताच्या आत्ता कर्ज घ्या, हप्त्याचं नंतर बघू. गोड बोलणारा राक्षस ओळखायला शिकवतो तो खेळ अगदीच वाया गेलेला नाही.

आणखी एक खेळ सांगतो, आपल्या जवळचा. पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाची एक छोटी मंडळी आहे. त्यांच्या संस्थापकांमध्ये श्रुती घोष ही चित्रकार बाई आहे. त्यांनी ‘राजी’ नावाचा खेळ बनवला. हा मारामारीचा आणि साहसाचा खेळ आहे, सोंगाच्या खेळाचा चुलत भाऊ म्हणा. राजी ही खेळ करून दाखवणाऱ्यांतली, कसरती करणारी मुलगी. राखीच्या सणाला असुर चालून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. त्याला सोडवायला ती एकटी निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. हातात त्रिशूळ आणि धनुष्य, आणि असुरांचा म्होरक्या आहे महाबलासुर. भाऊ बहिणीला सोडवतो अशा गोष्टी आपण खूप ऐकल्या. इथे बहीण भावाला सोडवायला जाते.

या लोकांनी २०१७ साली इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती. ठरवलेली रक्कम जमली नाही. पण त्यांनी काम सोडलं नाही. २०२० साली खेळ बाहेर आला आणि त्या वर्षीच्या जगभरच्या खेळांच्या पुरस्कारांत, पहिलाच खेळ बनवणाऱ्यांच्या गटात, त्याचं नाव शेवटच्या पाचांत होतं. नंतर तो हिंदी आवाजातही आला. म्हणजे मुलं जे खेळतात ते कुणीतरी बसून घडवलेलं असतं. आपल्याकडे हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत मूर्ती घडते तसंच. कुणी आकार देतो, कुणी रंग, कुणी डोळ्यांची आखणी. महाबलासुरालाही कुणीतरी डोळे काढले असतील. आमच्या पोरांमधला एखादा उद्या असे डोळे काढायला बसला तर आम्हाला आवडेल.

आता एक गंभीर गोष्ट. काही खेळ असे आहेत की त्यांत बॉसच नाही. पैसे लावायचे, पैसे जिंकायचे. पत्ते असतील, आकडे असतील, क्रिकेटची टीम लावायची असेल. त्यात शिकण्यासारखी चाल नसते आणि शेवटचा टप्पाही नसतो. दहा वेळा हरलं म्हणून अकराव्यांदा जिंकता येत नाही, नुसतं देणं वाढतं. तो रक्तबीज आहे. एक रक्कम भरून काढायला दुसरी टाकली की त्यातून तिसरी उभी राहते. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. असे खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांच्यासाठी पैशांचा व्यवहार करून देणं हा गुन्हा आहे. शिक्षा खेळून बुडालेल्याला नाही, चालवणाऱ्याला आहे. म्हणून तुमच्या घरात कुणी यात अडकलं असेल तर भीतीपोटी लपवू नका. पैसे लावल्याशिवाय खेळायच्या साध्या खेळांना बंदी नाही, हेही लक्षात ठेवा.

तर घरात करायचं काय? आमच्या गटाने जे ठरवलं ते सांगतो.

पहिलं, पिन. पैशांच्या अॅपचा पिन पोराला सांगायचा नाही. सांगितला असेल तर आज बदला. ज्या दुकानातून अॅप उतरवतो त्या प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे. ती चालू करून घ्या. जमत नसेल तर बैठकीला फोन घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, फोन हिसकावू नका. बॉसशी लढाई चालू असताना मधेच सोडली तर बहुतेक खेळांत ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. काही खेळ थांबवताच येत नाहीत. तव्यावर भाकरी असताना कुणी आपल्याला ओढून नेलं तर आपण चिडतोच ना? म्हणून विचारायचं, “बॉस चालू आहे का? किती वेळ?” तो म्हणेल दहा मिनिटं. मग घड्याळ लावा. अकराव्या मिनिटाला फोन बाजूला, हा त्याचा शब्द. शब्द मोडला तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद. आमच्यातल्या पाच घरांत हे चालू आहे. रोज जमतंच असं नाही, पण आरडाओरडा कमी झाला.

तिसरं, एकदा शेजारी बसून बघा. खेळात पैसे कुठे मागतात ते पोरालाच दाखवायला सांगा. ज्याने पेटी उघडून ढाल काढली आहे तो लहान भावाला पेटीबद्दल आपल्यापेक्षा चांगलं सांगतो.

चौथं, कुठे थांबायचं ते ओळखा. खेळाचं व्यसन हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून मान्य केलं आहे. पोराला खेळ आवरता येत नाही, शाळा-जेवण-झोप सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही, आणि असं महिनोन्‌महिने चाललं आहे, तर तो हट्ट नाही, त्याला मदत हवी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. आणि कुणी फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० या नंबरला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

एक गंमत राहिली. सोंगाच्या खेळात मोठ्या बॉसशी बऱ्याचदा एकट्याने लढत नाहीत. चार-पाच जण मिळून जातात. एक जण पुढे उभा राहून फटके सोसतो. एक जण मागून इतरांच्या जखमा भरतो. बाकीचे मारतात. फटके सोसणारा पळाला तर सगळे मरतात. जखमा भरणाऱ्याने स्वतःच मारामारी सुरू केली तरी सगळे मरतात. पोरगा हे सांगत होता तेव्हा आमच्या सचिव ताई वहीत हप्त्यांची बेरीज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “गटच की रे तो.”

आता त्या पाचशे रुपयांचं काय झालं ते सांगून थांबतो. पोराच्या मामाचा मूर्तींचा कारखाना आहे. सुट्टीचे काही दिवस पोरगा तिथे कच्च्या मूर्ती घासायला बसला. हात पांढरे, केस पांढरे करून घरी यायचा. पुढच्या बैठकीला तो स्वतः आला आणि पाचशेची नोट वहीवर ठेवली. आम्ही त्याच्या आईच्या नावापुढे रक्कम पूर्ण लिहिली. आई त्याला म्हणाली, “एक रुपया तुझा जास्त आला.” तो म्हणाला, “ठेव. व्याज.”

आणि बॉस? त्यानंतर आठेक दिवसांनी एका रात्री आमच्या मैत्रिणीच्या घरातून ओरडा ऐकू आला. शेजारीण धावत गेली, तिला वाटलं पुन्हा भांडण. बघते तर पोरगा फोन धरून उभा, आई पिठाच्या हाताने त्याच्या खांद्यावरून वाकून बघतेय, आणि पडद्यावर दगडी राक्षस गुडघे टेकून कोसळतोय. जुनीच तलवार. पोराने सांगितलं, दुसऱ्या रूपात राक्षस तीनदा नाही, पाचदा मारतो, आणि मग दम खातो. त्याने मोजलं होतं.

सकाळी तो आधी आजींना सांगायला गेला. आजी अंगणात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “बरं झालं. आता परीक्षा कधी आहे ते सांग.”

मैत्रिणींनो, घरातल्या खेळाची ओळख करून घ्या. आणि पुढच्या बैठकीला फोन आणि पिनचं काम विसरू नका. नमस्कार.